कंपाउंडरसाहेबांची दुधाळी

"पहले हाथ धो. फिर बात."

वडीगोद्रीच्या दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की पहिल्यांदा हे कानावर पडे. विंचू चावलेला माणूस असो, नाहीतर तालुक्याहून जीपमधून उतरलेला साहेब असो. बोलणारा मान वर करत नसे. त्याचं लक्ष स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजांकडे असे आणि डाव्या हाताचं बोट दाराजवळच्या बादलीकडे. बादलीशेजारी लाल साबणाची वडी. विंचू चावलेला माणूस कळवळत, शिव्या देत हात धुई. साहेब हसत हसत धुई. पण धुवावे सगळ्यांनाच लागत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं एकच वाक्य गावाला पाठ असतं आणि माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. आमच्या कंपाउंडरसाहेबांचं तसंच होतं.

त्या मोठ्या दुष्काळानंतर एक-दोन पावसाळे झाले होते. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. मी प्राथमिक शाळेत नवा शिक्षक म्हणून आलो होतो आणि गावात मला खोली मिळत नव्हती. लोक चांगले बोलायचे, पाणी द्यायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की समोरचा माणूस एकदम आपल्या छपराकडे बघायला लागे आणि छप्पर गळतं हे त्याला तेव्हाच आठवे. शाळेच्या व्हरांड्यात झोपून झोपून मला ताप आला आणि मी दवाखान्यात गेलो.

हात धुतले. त्यांनी थर्मामीटर झटकून माझ्या जिभेखाली ठेवला आणि विचारलं, "मास्तर, कुठं राहून राह्यले?"

तोंडात थर्मामीटर असल्यामुळे मी शाळेच्या दिशेला हात केला.

"व्हरांड्यात? कायकू?"

 थर्मामीटर काढल्यावर मीही छपराकडे बघितलं. त्यांनी पारा उजेडाकडे धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "समझा," ते म्हणाले. "माझ्या भिंतीला लागून एक खोली खाली आहे. मालकाला मी बोलतो. पण मास्तर, साफ ठेवावी लागंल."

मालकाला ते काय बोलले, मला कधी कळलं नाही. संध्याकाळी किल्ली मिळाली. किल्लीलाही स्पिरिटचा वास येत होता.

त्या घराचं अंगण दोघांचं मिळून एक होतं. पहिल्या सकाळी दार उघडलं तर कंपाउंडरसाहेब उकिडवे बसलेले. समोर डालड्याच्या रिकाम्या डब्यांची एक रांग, डब्यांत माती. हातात जखमेतला काटा काढायचा चिमटा. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारून, श्वास रोखून ते डब्यातून काहीतरी उपटत होते. मी वाकून पाहिलं. गवताचं नुकतंच फुटलेलं एक पातं होतं, शिवायच्या दोऱ्याहून बारीक. ते त्यांनी चिमट्याने उचललं आणि ट्रेमध्ये ठेवलं.

"काय लावलंय?" मी विचारलं.

"दुधाळी," ते म्हणाले. "तुमाला ठाऊक नसंल. इकडं न्हाई येत."

खरंच मला ठाऊक नव्हती. मी पुस्तकांतला माणूस. फुलांची नावं मला कवितांतून आलेली आणि त्यांतली निम्मी मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. दुधाळी तर कवितेतही भेटली नव्हती. पुढे हळूहळू त्यांच्या तोंडून कळलं ते एवढंच. घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. गावाचं गायरान मुरमाड. पोळा झाला की त्या माळावर गवतातून ही फुलं येतात. गुलाबी, पाच पाकळ्यांची, पानं बडीशेपेसारखी चिरलेली. दिवाळीपर्यंत बी धरतं, झाड वाळतं आणि संपतं. पुढच्या वर्षी परत बियापासूनच. बी म्हणजे धूळच. कंपाउंडरसाहेब ते पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत, रबरी बुचाखाली ठेवत.

ते गाव त्यांच्या बायकोचं माहेर होतं. मी यायच्या वर्षभर आधी ती वारली होती.

मी तिला पाहिलं नाही. तिच्याबद्दल जे ऐकलं ते गल्लीतल्या बायकांकडून. "लई बोलकी व्हती," शेजारची एक काकू मला म्हणाली होती. "भरल्या घरातून आल्ती. भाऊ, भावजया, डझनभर पोरं. हितं कुनाची चाहूल लागली की तिचं तोंड फुलायचं. पन हे बाबा! आमी दारात गेलो की पाय धुवा म्हनायचे. बसलो की आमच्यामागं सतरंजी झटकायचे. मंग कोन जाईल? एक एक करून सुटलोच सगळ्या." आणि हसली होती. मीही हसलो होतो, कारण सतरंजी झटकणारे कंपाउंडरसाहेब डोळ्यांपुढे आले.

फुलाची गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच सांगितली, एकदाच. रविवारची दुपार होती, ते सिरिंजा पुसत होते.

"आजारी होती तेव्हा म्हणाली, दुधाळी बघायची. म्या म्हटलं, त्यात काय. गाडी धरून गेलो, ओंजळभर तोडून ओल्या फडक्यात बांधून आणली. हितं येऊन फडकं सोडलं तर सगळी काळी. कोळसा. तोडली की काळी पडते, मला काय माहीत! ती बघून हसली. म्हणाली, ये तो मेरे से पहले गई."

त्यांनी एक सिरिंज उजेडाकडे धरली, आत डाग आहे का पाहिलं.

"मंग म्हटलं, तोडून न्हाई येत तर उगवून येईल. तिच्या कबरीवर लोक सब्जा लावा म्हणाले. सब्जा कुणीबी लावतं. मला तिथं दुधाळी पाहिजे."

कबरीजवळ सब्जा लावायची रीत त्यांच्याकडे आहे. त्याचा वास येत राहतो. कंपाउंडरसाहेबांनी ती जागा रिकामी ठेवली होती. आधी घरी डब्यात झाड जमवायचं, मग कबरीवर, असं त्यांचं ठरलं होतं. रोगी आधी बरा करायचा आणि मग घरी पाठवायचा, तसं.

आणि त्यांनी ते केलंही तसंच, दवाखान्याच्या रीतीने. डब्यात घालायची माती त्यांनी आधी पातेल्यात घालून उकळलेल्या पाण्याच्या वाफेवर ठेवली. "मातीत लई जंतू असतात, मास्तर." डबे सोड्याने धुतले. बी पेरलं आणि औषध पाजायच्या ड्रॉपरने पाणी दिलं. मृगाच्या पावसात डबे ओसरीत, उघडीप पडली की अंगणात. रोज सकाळी नमाज झाली की चिमटा घेऊन गवताची तपासणी. त्या डब्यांइतकी स्वच्छ माती मी आयुष्यात पाहिली नाही.

बी उगवे. हिरवी, नाजूक रोपं वर येत. कंपाउंडरसाहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येई त्याला हसू म्हणता येणार नाही, पण ते दिवसभर कुणावर ओरडत नसत. रोपं बोटभर होत आणि थांबत. मग पिवळी पडत. मग एखाद्या सकाळी मान टाकत.

त्यांनी ग्लुकोजचं पाणी दिलं. जीवनसत्त्वाची गोळी कुटून दिली. एकदा दवाखान्यात आलेल्या एका म्हातारीने हे पाहिलं.

"काय वो कंपोंडर, मानसं सरली काय गावातली? आता झाडाला गोळ्या!"

"माणसं ऐकत न्हाईत, आजी. झाड तरी गुमान घेतं."

"घेतं, पन जगत न्हाई तुमचं," म्हातारी म्हणाली. ती सहज बोलून गेली. ते स्टोव्हला पंप मारू लागले. बराच वेळ मारत राहिले.

दिवाळीनंतर ते दरवर्षी बी आणायला त्या गावी जात. दुसऱ्या वर्षी मीही बरोबर गेलो. घनसावंगीपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते. गावाच्या कडेला आलो तर लांबून इंजिनाचा आवाज येत होता. गायरानाच्या मधोमध कालव्यासाठी माती खणून दोन्ही बाजूंना ढीग लावले होते. गावातले लोक खुश होते. त्यांना पाणी येणार होतं आणि ते खुश होणारच. उरलेल्या माळाचेही वाटे पडून तो नांगराखाली जाणार, असं कुणीतरी उत्साहाने सांगितलं. कंपाउंडरसाहेब मान हलवून "हौ, अच्छा है, पानी आना चाहिये" म्हणाले आणि ढिगांच्या कडेकडेने फिरू लागले. एका बाजूला उताराची पट्टी उरली होती. तिथे गुडघाभर वाळलेल्या गवतात काळी पडलेली झाडं उभी होती. त्यांनी बोंडं बाटलीवर चुरली. बाटलीच्या बुडाशी जेमतेम थर झाला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "आता ह्या बाटलीत आहे तेवढीच." आणि बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली.

पुढचा पावसाळा आला तेव्हा त्यांनी निम्मं बी डब्यांत पेरलं. निम्मं ठेवून दिलं. डब्यांचं काय होणार हे त्यांना माहीत असावं, कारण एका गुरुवारी ते मला म्हणाले, "चला मास्तर, राह्यलेलं तिच्याच हवाली करतो."

कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडे. पावसाने सगळीकडे गवत वर आलेलं. त्यांनी कबरीपाशी उभं राहून दुवा मागितली, मग चप्पल बाजूला काढून बसले आणि खिशातून चिमटा काढला. गवताच्या पहिल्या पात्याला चिमटा लागतो न लागतो तोच मागून आवाज आला.

"ओ कंपोंडरसाब! क्या कर रै?"

कब्रस्तानाची राखण करणारे शाहजी येत होते. वाकलेले, खांद्यावर हिरवं उपरणं, हातात काठी.

"साफ कर रहा हूं," कंपाउंडरसाहेब म्हणाले.

"हरी घास है वो. कब्र पे की हरी घास नोचते नै. अल्ला का नाम लेती वो, मय्यत को ठंडक पहुंचती. सूख गई तो फिर निकालो."

"शाहजी, बी डालना है. घास खा जाएगी उसको."

"तो खा जाने दो. अल्ला की घास, अल्ला का बी."

"ऐसी गंदी रखूं?"

शाहजींनी काठी जमिनीत टेकवली. "दवाखाना तुम्हारा है, उसको साफ रखो. यहां किसी का इलाज नै होता."

कंपाउंडरसाहेबांना कुणी असं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. पण ते रीत मानणारे होते. त्यांनी चिमटा पुसला, खिशात ठेवला. मग बाटलीचं बूच काढलं आणि डोळे दुसरीकडे करून ते बी त्या गवतातच ओतलं. घरातलं एखादं उरलेलं औषध मोरीत ओतावं, तसं.  ओढा ओलांडताना म्हणाले, "संपलं, मास्तर."

डब्यांतली रोपं बोटभर झाली, पिवळी पडली, गेली. आणि त्याच सुमारास त्यांची परतूरला बदली झाली.

जायच्या दिवशी त्यांनी सगळे डबे सोड्याने धुऊन, उन्हात वाळवून माझ्या दारात रांगेने ठेवले. "डाळी ठेवायला होतील." मग घुटमळले. "मास्तर, एक काम होतं. जुमेरातीला कधी सवड झाली तर तिच्याकडं उदबत्ती लावाल? तुमी लावली तर चालंल. ती काय म्हणणार न्हाई."

मी लावत असे. दर गुरुवारी जमलं नाही, पण जमेल तेव्हा. रिकाम्या अंगणात सकाळी दार उघडायची मला धास्ती वाटू लागली होती. शाळेतून आलो की हात धुवायची सवय मात्र लागली होती. कुणी सांगणारं नसतानाही मी आधी हात धुई आणि मग माझ्याशी बोलायला कुणी नाही हे लक्षात येई.

पोळा होऊन गेला होता. त्या गुरुवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी उन्हातच कब्रस्तानात गेलो. उदबत्ती खोचायला वाकलो आणि तसाच राहिलो. गवत कंबरेला आलं होतं. त्या गवतात, पात्यांच्या मधून, जागोजागी गुलाबी काहीतरी उभं होतं. मी ते फूल पूर्वी कधी जिवंत पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. बडीशेपेसारखी पानं. पाच पाकळ्या, ऊन आरपार जाईल इतक्या पातळ.

सोबत पुरावा म्हणून काही नेता येत नव्हतं. तोडलं तर काळं पडलं असतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या हातांनी परतूरची गाडी धरली.

त्यांची खोली बाजाराच्या मागे होती. दारात बादली, साबणाची वडी.

"पहले हाथ धो," आतून आवाज आला.

"साहेब, दुधाळी आलीय."

आतला स्टोव्हचा आवाज बंद झाला. ते बाहेर आले. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तापाच्या भरात बोलणाऱ्या रोग्याकडे पाहावं तसं.

"कुठं?"

"तिथंच. गवतात."

"सब्जा असंल."

"सब्जा गुलाबी असतो का?"

मी हात धुतले नव्हते, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही वडीगोद्रीला आलो. ते माझ्या खोलीवर थांबले नाहीत, चहा घेतला नाही. कबरीपाशी येऊन उभे राहिले. दुवेसाठी हात वर केले, पण ओठ हलत नव्हते. मग बसले. एकेका फुलाला बोट न लावता, बोटाच्या अंतरावरून पाहत गेले.

मग तेच झालं जे होणार होतं. इतक्या वर्षांची सवय. एका दुधाळीच्या बुडाशी दाट वाढलेल्या गवताचा ठोंब त्यांना दिसला आणि हात आपोआप पुढे गेला. त्यांनी गवत धरून हलकेच ओढलं.

दुधाळी हलली.

त्यांनी हात थांबवला. परत ओढलं, अगदी हळू. परत ती हलली, बुडापासून. गवताच्या मुळाशी माती जराशी उकलली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकले. दुधाळीची बारीक मुळं गवताच्या मुळांना जागोजागी चिकटली होती. लहान मूल गर्दीत आईचा पदर धरतं तशी.

त्यांनी गवत सोडलं. उकललेली माती परत सारखी केली आणि सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबून धरतात तसा अंगठा तिथे दाबून धरला. कितीतरी वेळ.

"मास्तर, हिला गवत लागतं."

"हौ."

"गवताच्या जिवावर जगते ती. आणि म्या..." उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी चिमट्यासारखी जुळवली. जुळवलेल्या बोटांकडे पाहत राहिले.

पलीकडून शाहजी येत होते. आम्हाला पाहून लांबच थांबले, काठीवर रेलून.

"तिलाबी लागायचं," कंपाउंडरसाहेब म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला वाटलं ते माझ्याशी बोलत नाहीत. "माणसं लागायची तिला. आरडाओरडा, पोरं, धुळीचे पाय. आणि मी घर साफ ठेवून राह्यलो."

  शाहजी जवळ आले आणि म्हणाले, "बैठो साब, बैठो. धूप है, पर बैठो." आणि आपल्या खांद्यावरचं हिरवं उपरणं काढून त्यांच्या डोक्यावर टाकलं. ते उपरणं मळकं होतं. कंपाउंडरसाहेबांनी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर मी परतूरला अधूनमधून जात राहिलो. दारातली बादली जागेवर होती, पण बोट दाखवणं बंद झालं होतं. "पहले बैठो," म्हणायचे. शेजारच्या हमालांची पोरं अंगणात विटी-दांडू खेळत, तहान लागली की मातीच्या पायांनी थेट आत शिरून माठातलं पाणी पीत. त्यांचे पाय उमटलेली फरशी ते मुद्दाम पुसत नसावेत. एकदा मी सतरंजीवर बसलो तर खाली चुरमुरे टोचले. "राहू द्या," ते म्हणाले, "सकाळचे आहेत. पोरं परत येतील." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला त्या बाईची आठवण आली, जिला मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी वडीगोद्रीच्या कबरीवरचं बी गोळा करून ठेवी. बाटली त्यांनीच दिली होती, रबरी बुचाची. थोडं बी तिथेच गवतात झाडून द्यायचं, थोडं बाटलीत. तो माळ तर केव्हाच नांगरून झाला होता. कालव्याला पाणीही आलं. आता ती दुधाळी असलीच तर ओढ्यापलीकडच्या त्या एका कबरीवर होती. हे आम्हा दोघांना आणि शाहजींना माहीत होतं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. पहाटे गेले आणि त्यांच्यात वेळ लावत नाहीत. संध्याकाळच्या आत परतूरलाच दफन झाले. मी पोचलो तेव्हा ओली माती थापून झाली होती आणि लोक पांगत होते. हमालांची पोरं मात्र अजून तिथेच होती. तिला वडीगोद्रीत ठेवून ते परतूरला राहिले. दोघांच्या मधे एसटीचा अर्धा दिवस.

पहिला पाऊस पडून त्या मातीवर हिरवं येईपर्यंत मी थांबलो. मग बाटली घेऊन गेलो. तेव्हापासून दर पावसाळ्यात जातो. बी गवतात झाडतो. पोळ्यानंतर पुन्हा जाऊन पाहतो. वडीगोद्रीला ती येते, कधी दाट, कधी विरळ. परतूरला अजून आलेली नाही. माती वेगळी असेल, गवत वेगळं असेल. तिला कोणतं गवत आवडतं हे मला ठाऊक नाही, आणि ज्यांना विचारलं असतं ते त्या गवताखाली आहेत.

मागच्या खेपेला तिथला राखणदार खुरपं घेऊन आला. तरुण आहे, मला ओळखत नाही. "किती माजलंय हे," तो म्हणाला. "साफ करून देऊ का, गुरुजी?"

"नको," मी म्हणालो. "असू दे."

तो नवलाने पाहून निघून गेला. मी गवत हाताने बाजूला सारून बी टाकलं, गवत पुन्हा सोडलं, माती अंगठ्याने दाबली. उठल्यावर सवयीने कब्रस्तानाच्या दाराकडे पाहिलं. तिथे बादली नव्हती. हात तसेच मातीचे घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो.